कापूस घरात येण्याआधी

२०२५ साली २२ ऑगस्टला पोळा झाला. दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार, म्हणजे परंपरेची दगडफेक, झाली. त्यानंतर बरोबर एका महिन्याने, २३ सप्टेंबरला, फ्लिपकार्ट आणि अॅमेझॉन या दोन्ही मोठ्या ऑनलाइन दुकानांचे सणासुदीचे सेल सुरू झाले. त्या दिवशी पांढुर्णा आणि सौंसर तालुक्यांतल्या शिवारात काय होते? सोयाबीन उभे होते, फार तर कापणीला आलेले. कपाशीची बोंडे नुकती कुठे फुटू लागली होती. आंबिया बहाराचा संत्रा झाडावर हिरवाच होता. सगळी पिके शेतात होती आणि एकाही पिकाचा पैसा घरात नव्हता. दारात मात्र वर्षातला सगळ्यात मोठा बाजार उभा राहिला होता, आणि तो काही दिवसांतच उठणार असे सांगत होता.

सणाच्या सेलच्या धांदलीतून बाहेर राहावे की नाही, राहायचे तर कसे, यावर दरवर्षी बरेच लिहिले जाते. पण ते बहुतेक लिखाण पगारदार माणसाला समोर ठेवून असते. दर महिन्याच्या एक तारखेला ज्याच्या खात्यात ठरलेली रक्कम पडते त्याच्यासाठी हा प्रश्न मनाच्या आवराचा असतो. वर्षाचे उत्पन्न ज्याच्या हाती दोन-तीन ढिगांनी येते, त्याच्यासाठी तो आधी तारखेचा प्रश्न असतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या या दोन मराठी तालुक्यांकडे पाहिले की ते स्वच्छ दिसते. १ नोव्हेंबर १९५६च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि हा पट्टा मध्य प्रदेशात राहिला. २०२३मध्ये छिंदवाड्यातून वेगळा होऊन त्याचा पांढुर्णा जिल्हा झाला. राज्ये वेगळी झाली तरी पीक आणि सण वऱ्हाड-नागपूरचेच राहिले, आणि खरेदीची रीतही तीच.

हा कालक्रम नीट पाहायला हवा, कारण सगळी गोष्ट त्यातच आहे. पोळ्याला बैलाचा साज लागतो. झुली, वेसणी, घुंगरमाळा, शिंगांचा रंग, शिवाय घरच्या पुरणाचा खर्च. हा पैसा मागच्या हंगामाच्या शिलकीतून येतो, नाही तर उसनवारीतून. पेरणी, खत, फवारणी यांत तोवर घर कोरडे पडलेले असते. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीन निघते. पुढे कपाशीत सीतादही होते, शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवून पहिली वेचणी सुरू होते. पण पहिल्या वेचणीचा कापूस ओला असतो. भारतीय कापूस निगमची खरेदी आठ ते बारा टक्के ओलाव्याच्या हिशेबावर चालते. आठ टक्क्यांच्या वर भाव कमी होतो आणि बाराच्या वर माल घेतच नाहीत. म्हणजे दिवाळीच्या तोंडावर ज्याला पैसा हवा तो ओला कापूस व्यापाऱ्याला पडत्या भावाने देतो, आणि ज्याला थांबता येते तो वाळवून नंतर विकतो. २०२५-२६साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलमागे ८,११० रुपये होता. त्याच हंगामाच्या तोंडावर, १९ ऑगस्टला, केंद्राने कापसाच्या आयातीवरचे शुल्क काढले आणि नंतर ती सूट डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. त्यामुळे खुल्या बाजारात हमीभावाजवळ भाव मिळण्याची आशा आणखी पातळ झाली. तूर जानेवारीत येते, मृग बहाराचा संत्रा त्याच्याही नंतर. संत्र्याची आणखी एक गत आहे. बांगलादेशाने गेल्या काही वर्षांत संत्र्यावरचे आयातशुल्क वाढवत नेले आणि सीमेपलीकडच्या वरूड-मोर्शीबरोबर अलीकडच्या बागायतदारांचेही मोठे गिऱ्हाईक आटले.

एवढ्या अनिश्चित पैशावर सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कोणी टीव्ही घेतला तर तो कशाच्या भरवशावर घेतला? न वेचलेल्या कापसाच्या. हीच मला या सगळ्या प्रकारातली सगळ्यात गंभीर गोष्ट वाटते. सेल म्हणतो, आज घ्या, उद्या हा भाव नाही. शेती म्हणते, आज पैसाच नाही. या दोहोंच्या मधल्या फटीत हप्ता येऊन बसतो.

पैसा येण्याआधी खरेदी करणे इथे नवीन नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कापडाच्या दुकानात दिवाळीची लुगडी-धोतरे उधारीवर घ्यायची आणि कापूस विकला की खाते चुकते करायचे, ही जुनी रीत. दुकानदार घर ओळखत असे, शेत ओळखत असे, पाऊस कसा झाला हे त्यालाही दिसत असे. म्हणून तो थांबे. पण तो थांबण्याची किंमतही वसूल करी, कधी भावात, कधी व्याजात, कधी कापूस आपल्याच अडतीत घालायला लावून. त्या उधारीचे गोडवे गाणाऱ्यांशी मी सहमत नाही. फरक इतकाच की तिची तारीख पिकाला धरून होती. आजचा हप्ता दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला खात्यातून आपोआप कापला जातो. खात्यात रक्कम नसेल तर तो परत जातो, त्याचा दंड वेगळा लागतो आणि पुढचे पीककर्ज मागताना ती नोंद आडवी येते. ओलावा किती आणि निगमचे केंद्र कधी उघडणार याच्याशी त्या तारखेला काही देणेघेणे नसते.

शेतकरी सणावारी उधळतो म्हणून बुडतो, हा आरोपही तितकाच जुना आहे. १८७५ साली सुप्यापासून पेटलेल्या दख्खनच्या दंग्यांनंतर सरकारने चौकशी आयोग नेमला. लग्न आणि सणांच्या खर्चाला कर्जबाजारीपणाचे कारण म्हणून अवाजवी महत्त्व दिले गेले आहे, असे त्या आयोगानेच नोंदवले. जोतीराव फुल्यांनी १८८३च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये या आरोपाचा समाचार घेतला आणि सारा, सावकार आणि कचेरी यांच्याकडे बोट दाखवले. आज सेलच्या विरोधात लिहिताना हे विसरले की लेखाचा उपदेश होतो आणि तो चुकीच्या माणसाला केला जातो. नाबार्डच्या २०२१-२२च्या सर्वेक्षणात देशातल्या ग्रामीण कुटुंबांपैकी ५२ टक्के कुटुंबांवर कर्ज होते. पाच वर्षांआधी हा आकडा ४७.४ टक्के होता. त्याच सर्वेक्षणात ग्रामीण कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १२,६९८ रुपये निघाले. या उत्पन्नात वीस हजारांच्या मोबाइलचा सहा महिन्यांचा हप्ता बसवायचा म्हणजे काय, ते ज्याने त्याने घरी मांडून पाहावे. पण हे कर्ज सेलने केले असे म्हणणेही खोटे ठरेल. दवाखाना, शिक्षण, बियाणे, घरबांधणी ही कारणे आधीपासून आहेत. सेल त्यांच्या वर येऊन बसतो.

या प्रदेशाच्या शेजारीच, वर्ध्याला, खरेदीविषयी भारतात झालेला सगळ्यात कसदार विचार झाला. डिसेंबर १९३४मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, मगनवाडीत त्याचे काम चालले आणि जे. सी. कुमारप्पा त्याचे प्रमुख चालक होते. आपण वस्तू विकत घेतो तेव्हा ती ज्या परिस्थितीत तयार झाली तिची जबाबदारीही घेतो, अशी त्यांची भूमिका होती. पवनारला विनोबांनी अपरिग्रह जगून दाखवला. तुकडोजी महाराजांची १९५५ची ‘ग्रामगीता’ सीमेच्या दोन्ही बाजूंना वाचली जाते, आणि कर्ज काढून थाट करू नये ही त्यांची शिकवण या भागातल्या भजनी मंडळांना पाठ आहे. हा वारसा मोठा आहे आणि मला तो जवळचा आहे. पण त्याच्या आधारे आजच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर मिळत नाही. कुमारप्पांच्या विचारात घेणारा आणि बनवणारा एकमेकांच्या जवळ असतात. इथे काय आहे? कपाशी सौंसरच्या काळ्या मातीत होते. सौंसर तालुक्यातच बोरगावच्या औद्योगिक वसाहतीत रेमंडची मोठी कापडगिरणी आहे. तरीही वेचणाऱ्या बाईच्या घरी येणारा शर्ट भलत्याच गावच्या कोठारातून प्लास्टिकच्या पिशवीत येतो, आणि कोणाची जबाबदारी कोणी घ्यायची हे तिला कळायची काही सोय नसते.

पश्चिमेतल्या चळवळींचा उल्लेख अशा लेखांत नेहमी येतो. १९९२मध्ये कॅनडात ‘काहीही विकत न घेण्याचा दिवस’ सुरू झाला आणि ॲडबस्टर्स या मासिकाने तो जगभर नेला. २०११मध्ये पॅटागोनिया कंपनीने ऐन सेलच्या दिवशी आपलेच जाकीट विकत घेऊ नका अशी जाहिरात दिली. २०१५मध्ये आरईआय या अमेरिकी दुकानसाखळीने त्या दिवशी दुकाने बंद ठेवली. या गोष्टी चांगल्या आहेत, पण आपल्याकडे त्यांचा थेट उपयोग कमी. तिथे गर्दीचा एक दिवस असतो आणि त्या एका दिवसापुरते घरी बसता येते. आपल्याकडे नवरात्र, दसरा, धनतेरस, लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज असा महिना-सव्वा महिन्याचा पल्ला असतो. त्यातले दसरा आणि पाडवा तर साडेतीन मुहूर्तांतले, खरेदीसाठी परंपरेनेच राखलेले. एका दिवसाचा हरताळ इथे पुरत नाही.

त्यापेक्षा सेलचे यंत्र कसे चालते ते समजून घेणे अधिक कामाचे आहे, आणि यावर मराठीत अजून पुरेसे लिहिले गेलेले नाही. सूट मोजली जाते ती छापील कमाल किमतीपासून. ही किंमत उत्पादक स्वतः ठरवतो. बहुतेक वस्तूंवर ती किती छापावी याला मर्यादा नाही. चार हजार छापून सोळाशेला विकले की साठ टक्के सूट होते. ती वस्तू कधीच कोणी चार हजारांना विकली नसली तरी. दुसरे म्हणजे घड्याळ. ‘फक्त दोन नग शिल्लक’, ‘आणखी बारा मिनिटे’ असे खोटेच दाखवून घाई करणे हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ला काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत नमूद केलेल्या तेरा फसव्या युक्त्यांपैकी एक आहे. न मागितलेली वस्तू यादीत घुसवणे, नको म्हणणाऱ्याला लाजवणारे वाक्य दाखवणे, शेवटच्या पायरीवर जादा आकार लावणे याही त्याच यादीत आहेत. म्हणजे ही केवळ चतुर विक्री राहिलेली नाही. तिच्याविरुद्ध १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर तक्रार करता येते. हे पांढुर्ण्याच्या बसस्थानकावर हिंदी-मराठीत लिहून लावले तर किती बरे होईल.

तिसरी युक्ती म्हणजे बिनव्याजी हप्ता. सप्टेंबर २०१३मध्येच रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले की शून्य टक्के व्याज असे काही अस्तित्वातच नसते, व्याज प्रक्रिया शुल्काच्या आड दडवलेले असते. आज त्याचे रूप थोडे बदलले आहे. क्रेडिट कार्डावर बँक व्याज लावते, विक्रेता तेवढी सूट आधी देतो, आणि त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, शिवाय प्रक्रिया शुल्क, गिऱ्हाईक भरते. रक्कम लहान असते. पण ‘बिनव्याजी’ हा शब्द ऐकून जो रोखीने साधा मोबाइल घेणार होता तो महागडा घेतो. तोटा त्या शुल्कात नसतो, वस्तू बदलण्यात असतो.

२०२५मध्ये यात आणखी एक गोंधळ मिसळला. २२ सप्टेंबरपासून जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि दुसऱ्याच दिवशी सेल उघडले. मोठे टीव्ही, एसी, ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकी २८ वरून १८ टक्क्यांवर आल्या, ट्रॅक्टर १२ वरून ५ वर, साबण-टूथपेस्ट १८ वरून ५ वर. जाहिरातींत कराची कपात आणि सेलची सूट एकत्र मांडली गेली. पण कराचा नवा दर सेलबरोबर संपणारा नव्हता. ट्रॅक्टर किंवा मोटरसायकल घ्यायची असेल तर जानेवारीत, तूर विकल्यावर, तोच कर लागणार होता. आणि मोबाइल, फ्रिज, वॉशिंग मशीन यांवर आधीही १८ टक्के होता, नंतरही १८च राहिला. एवढे एक सत्य वेळेवर घरोघरी पोचले असते तर बरीच घाई वाचली असती. ज्यांनी ते पोचवायला हवे होते त्या माध्यमांची पानेच त्या आठवड्यात जाहिरातींनी भरलेली होती.

आता दुसरी बाजू, आणि ती मी दुबळी मानत नाही. पांढुर्णा नागपूर-इटारसी रेल्वेमार्गावर नागपूरपासून सुमारे शंभर किलोमीटरवर आहे, सौंसर साठ-सत्तर. पूर्वी बऱ्यापैकी मिक्सर किंवा मुलीच्या मापाचा बूट हवा असेल तर सीताबर्डी-इतवारीला जावे लागे, एक दिवसाची मजुरी आणि भाडे मोडून. तिथे भाव सांगणाऱ्याच्या नजरेत खेडवळ माणसाची किंमत आधीच ठरलेली असे. मोबाइलवर भाव सगळ्यांना एकच दिसतो. दुकानदाराच्या उधारीच्या वहीत अडकलेल्या माणसाला, किंवा ज्याला दुकानात बसायला कधी कोणी सांगितले नाही त्याला, ही सुटका वाटली तर नवल नाही. बायकांच्या हाती स्वतःचा पैसा येण्याचाही यात भाग आहे. मध्य प्रदेशात लाडली बहना योजनेचे हजार रुपये जून २०२३पासून सुरू झाले, त्याच वर्षी ऑक्टोबरपासून १,२५० आणि नोव्हेंबर २०२५पासून १,५०० झाले. महिन्याला ठरलेल्या वेळी येणारा तो अनेक घरांतला एकमेव पैसा. त्यातून एखादीने घरबसल्या स्वतःच्या आवडीचे पातळ मागवले तर तिला उधळी म्हणणाऱ्याने आधी घरातल्या पुरुषांच्या खर्चाचा हिशेब मांडावा.

म्हणून मी सेलवर सरसकट बहिष्कार घाला असे म्हणणार नाही. आणखी एक गोष्ट या बहिष्काराच्या भाषेत हरवते. सणाच्या खर्चातला मोठा वाटा खरेदी नसून देणे असते. भाऊबीजेला बहिणीचे लुगडे, लेक-जावयाची दिवाळी, गडीमाणसाचे कपडे, गाई राखणाऱ्याचा वाटा. ही देणी नात्यांची आहेत, काही तर कामाच्या मोबदल्याचाच भाग आहेत. ‘यंदा साधेपणाने करू’ म्हणत जो आधी गड्याचे धोतर कापतो आणि स्वतःचा मोबाइल बदलतो, त्याने काहीच सोडलेले नाही. कात्री लावायची तर ती घाईने घेतलेल्या, आपल्या घरात आधीच असलेल्या वस्तूवर लावावी. दसऱ्याला आपट्याची पाने देऊन भेटणे फुकट आहे आणि त्यात काही उणे नाही.

मग करायचे काय? दिवाळीची वस्तूखरेदी दिवाळीतून काढून पिकाच्या पैशामागे नेणे, हे मला सगळ्यात शहाणपणाचे वाटते. फराळ, दिवे, देण्याघेण्याचे कपडे सणाला, आणि टीव्ही-फ्रिज-मोबाइल कापूस-तूर विकल्यावर. यात तोटा होत नाही, कारण सेल काही वर्षातून एकदा येत नाही. जानेवारीत प्रजासत्ताक दिनाच्या नावाने येतो, उन्हाळ्यात येतो, ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यदिनाच्या नावाने येतो. ‘पुन्हा हा भाव नाही’ हे वाक्य दर तीन-चार महिन्यांनी खोटे ठरते. जानेवारीत हातात रोख असलेला माणूस त्याच वस्तूसाठी हप्ता, शुल्क आणि दंड या तिन्हींपासून मोकळा राहतो.

एकट्याने हे पाळणे अवघड जाते, शेजारच्या घरी नवा टीव्ही लागला की पोरे ऐकत नाहीत. म्हणून सामूहिक सोयी लागतात, आणि त्या आपल्याकडे आहेत. भिशी या भागात बायकांना नवी नाही, आजीविका मिशनचे बचतगट, ज्यांना मध्य प्रदेशात समूह म्हणतात, तेही आहेत. त्यांना एक जोड देता येईल. बिंदुमाधव जोशींनी १९७४मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम उभे केले, १९७५मध्ये मुंबई ग्राहक पंचायत निघाली. तिच्यात शेजारची कुटुंबे मिळून संघ करतात, महिन्याची यादी आधी भरून देतात आणि घाऊक भावाने आलेला माल आपसात वाटून घेतात. या पद्धतीतली मला आवडलेली गोष्ट म्हणजे वस्तू समोर दिसण्याआधी यादी लिहिलेली असते. ज्याला यादी आधी लिहावी लागते त्याच्यावर घड्याळाचा परिणाम होत नाही. पांढुर्ण्यातल्या वीस समूहांनी आपापल्या भिशीची सोडत दिवाळीऐवजी जानेवारीत ठेवली आणि कोणाला शिलाई मशीन, कोणाला कुकर, कोणाला पंखा हवा याची एकत्र यादी करून नागपूरच्या घाऊक विक्रेत्याकडे भाव मागितला, तर तो सेलपेक्षा महाग येण्याचे कारण नाही. शिवाय गावातल्याच एखाद्या दुकानदारामार्फत घेतले तर दुरुस्तीला माणूस जवळ राहतो. स्थानिक विद्युत उपकरणांच्या दुकानदारांनीही यात पुढे यायला हवे. ‘कापूस विका, मग घ्या’ अशी जानेवारीची योजना त्यांना कोणत्याही ऑनलाइन दुकानापेक्षा चांगली चालवता येईल, कारण कापूस कधी विकला गेला हे त्यांना ठाऊक असते.

उरलेला भाग सरकारच्या हातात आहे. कापूस निगमची केंद्रे दसऱ्याला उघडली, नोंदणीची कटकट आधी संपली, ओला कापूस वाळवायला केंद्रावर जागा मिळाली आणि पैसा विक्रीनंतर आठवड्यात खात्यात पडला, तर दिवाळीला हप्त्याची गरजच अनेक घरांत पडणार नाही. सोयाबीनचा हमीभाव आणि बाजारभाव यांतला फरक भरून देणाऱ्या भावांतर योजनेत २०२५मध्ये विक्रीची मुदत २४ ऑक्टोबरपासून सुरू झाली, म्हणजे लक्ष्मीपूजन होऊन गेल्यावर. ती तारीख तीन आठवडे अलीकडे आणावी, ही मागणी पांढुर्णा-सौंसरच्या शेतकरी संघटनांनी पुढच्या पोळ्याच्या आधीच लावून धरली पाहिजे.